सवतीचं तोंड

माझी सवत दोन वर्षं माझ्या गळ्यात होती, आणि ती दिसायला कशी होती हे मला ठाऊक नव्हतं.

बिजवराला दिलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायची आमच्याकडे रीत. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवं लुगडं आलं की आधी तिला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पहिला घास तिच्या नावानं काढून ठेवायचा. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन खर्ड्याला आले तेव्हा सासूबाईंनी आपल्या हातानं तो टाक माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाल्या, "ही मोठी. हिला इचारून वागायचं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, पत्र्याला काय विचारायचं, कपाळ!

टाकावरच्या बाईला डोळ्यांच्या जागी दोन टिंबं होती आणि नाकाच्या जागी एक रेघ. पुढं कळलं की सोनाराकडे बायकांचा एकच ठसा होता. कुणाचीही पहिली बायको वारली की त्याच ठशावर पत्रा ठोकायचा. म्हणजे गावात जेवढ्या सवती गळ्यात होत्या त्या सगळ्या एकाच तोंडाच्या. मला हसू आलं. तशा सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "हसू नगं. ती ऐकती." त्या इतक्या मनापासून खेकसल्या की माझं हसू तिथंच विरलं.

मला लहानपणापासून हाताला चाळा लागतो. हात रिकामे राहिले की मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, तिथं हस्तकलेच्या ख्रिस्ती बाई होत्या. त्यांनी कागदाचा लगदा शिकवला, माती शिकवली, भरतकाम शिकवलं. सोनईला मामाकडे गेले तर तिथल्या बुरडणीच्या शेजारी बसून सूप विणायला शिकले आणि बोटं कापून घेतली. खर्ड्याला आल्यावर लिंबाचं लाकूड कोरून चमचा करायला घेतला, त्याचं झालं उलथणं. मला सगळं येत होतं आणि एकही धड येत नव्हतं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेतून आले की दारातूनच विचारायचे, "आज काय बिघडवलंस?"

घरात माणसं चारच. मास्तर, सासूबाई, मी आणि पहिलीची मुलगी. आई बाळंतपणात गेली, पोटातलंही गेलं, तेव्हा ही चार वर्षांची होती. आता सहा सरून सातवं लागलं होतं. पोर माझ्याशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडण झालं की माणूस आपलं होतं असा माझा हिशेब. पण ती भांडायची नाही. ती मला "अहो" म्हणायची. "अहो, भाकर द्या." "अहो, तुमी माझी येनी घालू नका, आजी घालंल." घरात आलेल्या पाहुणीशी बोलावं तशी बोलायची. एवढ्याशा तोंडातून तो "अहो" ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची, आणि रात्री अंथरुणावर पडलं की रडू यायचं. तिनं मला एकदा तरी घट्ट धरावं, एवढंच मला हवं होतं.

लढाई चालू होती. रॉकेल कार्डावर मिळायचं, त्यामुळे हातकाम दिवसाउजेडीच उरकावं लागे. उन्हाळ्यातली एक दुपार. खर्ड्याची दुपार फार वाईट. किल्ल्याच्या बुरुजावरची पारवीसुद्धा गप्प होतात, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि भर उजेडात भीती वाटते. मी पडवीत मास्तरांच्या जुन्या वह्या भिजवून लगदा कुटत होते. पोर उंबऱ्यावर बसून बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अहो, तुमाला मान्साचं तोंड करता येतं?"

"येतं की," मी थाप मारली.

"मंग माझी आई करा."

माझा हात थांबला. म्हटलं, "का गं?"

"ती मला पाठमोरी दिसती," ती म्हणाली. "डोळं मिटलं की दिसती. चुलीम्होरं बसल्याली. आदी वळायची. आता वळत न्हाई. हाक मारली तरी न्हाई."

टळटळीत ऊन होतं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चूल तिथंच होती, माझ्या पाठीमागे, दोन हातांवर. मी वळून पाहिलं नाही, खरं सांगते.

"मी तिचं तोंड इसरले तर ती बी मला इसरंल," पोर म्हणाली. रडत नव्हती. काळजीनं सांगत होती, एखाद्या मोठ्या बाईनं सांगावं तशी. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी लगद्याचे हात तसेच लुगड्याला पुसले आणि म्हटलं, "करते. तुझी आई मी करते."

आता करायची म्हणजे दिसायला कशी होती ते विचारायला हवं. फोटो नव्हताच. फोटो काढायला नगरला जावं लागायचं, आणि बायकांचे कोण काढतंय. मास्तरांना जेवताना विचारलं. ते म्हणाले, "सालस होती." म्हटलं, "अहो, नाक कसं होतं?" म्हणाले, "नाकासारखं नाक." आणि अर्धी भाकरी टाकून उठले. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कामाला लई हुशार. रास उचलायला गडी मागायची न्हाई." म्हटलं, "तोंड कसं होतं?" तर म्हणाल्या, "चांगलं हुतं. मान्साला असतं तसं." शेजारच्या पाटलीणबाई म्हणाल्या, देवमाणूस होती. पाण्यावर भेटलेली एक म्हणाली, गोरी होती; दुसरी म्हणाली, सावळी. बोलताना प्रत्येकीची नजर माझ्या तोंडावरून खाली घसरायची आणि माझ्या गळ्याशी येऊन थांबायची. मग ती घागर उचलून चालायला लागायची.

मला आधी राग आला. मग भीती वाटायला लागली. सबंध गाव मिळून एका बाईचं तोंड लपवतंय, म्हणजे काहीतरी असणार. ती खरंच बाळंतपणात गेली ना? का विहिरीत? का आणखी कशानं गेली? मनात काय काय यायचं. त्या दिवसांत टाक छातीला लागला की गार वाटायचा, घामानं अंग निथळत असताना गार. मी तो लुगड्यावर काढून ठेवायची आणि थोड्या वेळानं बघते तर पुन्हा आत गेलेला असायचा.

लगद्याचं पहिलं तोंड केलं ते वाळताना आकसलं आणि त्याचा जबडा उघडला. पोर लांबूनच म्हणाली, "ही न्हाई." मग जुन्या धोतराचं कापड घेऊन त्यावर दोऱ्यानं नाकडोळे भरले. ती म्हणाली, "ही भावली हाय." मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं, पण पोरीचं खोटं नव्हतं. शेवटी कुंभारवाड्यातून मळलेली माती आणली, लीद घातलेली, लोण्यासारखी, आणि पाटावर थापली.

मातीचं तोंड करायची आमच्या शाळेतल्या बाईंची एक रीत होती. डावा हात आपल्या तोंडावर ठेवायचा आणि उजवा मातीत. हाड कुठं वर येतं, खळगा कुठं पडतो ते डाव्या हातानं चाचपायचं आणि उजव्यानं करत जायचं. बाई म्हणायच्या, डोळे मिटून करा, डोळे फसवतात. मी तसंच केलं. रोज दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी डोळे मिटून बसायची आणि पोर समोर बसून बघायची. तीही मधूनमधून डोळे मिटायची. दोघी डोळे मिटून बसलेल्या आणि मध्ये ते मातीचं तोंड.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, आज कान दिसला."

"कुणाचा?"

"आईचा. जरा वळली."

माझ्या छातीत धस्स झालं. पण त्याबरोबर हुरूपही आला, हे कबूल करते. दोन वर्षांत पोर माझ्याशी आपणहून एवढं बोलली नव्हती. मी गालाचं हाड वर उचललं, हनुवटी खाली ओढली. तिसऱ्या दिवशी तिला गाल दिसला. मी जेवढं पुढं करीन तेवढी ती आत, पोरीच्या मिटल्या डोळ्यांत, वळत होती. असं कसं होतंय हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चौथ्या दिवशी तिनं कुठूनशी आईची फणेरपेटी काढून आणली. फणीत चारपाच लांब केस अडकलेले होते, दोन वर्षांपूर्वीचे. म्हणाली, "हे लावा." नको म्हणवेना. मी ते केस कपाळाच्या वर मातीत खोचले. मग तिनं गालावरून बोट फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"असं न्हाई," ती म्हणाली. "हे लई गुळगुळीत हाय. आईचं असं नव्हतं."

"अगं वेडे, मातीकाम गुळगुळीतच करायचं असतं," मी म्हटलं. "खडबडीत ठेवलं असतं तर आमच्या बाईंनी शून्य मार्क दिले असते." आणि बोट ओलं करून मी ते गाल आणखी घोटले. माझं पहिलंच काम असं फुटतुटीशिवाय उतरत होतं, मी कशाला खडबडीत करते! पोर आपल्या बोटाकडे बघत राहिली.

माती सुकू नये म्हणून तोंडावर ओलं फडकं टाकून ठेवायची. फडकं नाकाला आणि ओठांना चिकटायचं आणि वारा आला की ओठांशी किंचित हलायचं. सासूबाई पडवीत बसेनाशा झाल्या. म्हणाल्या, "तोंड केलंस, आता ती बसायला जागा मागंल." मी पाट भिंतीकडे तोंड करून ठेवू लागले. एका दुपारी पाणी भरून आले तर पाट दाराकडे फिरलेला. पोरीला विचारलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. सासूबाईंनी तर हात लावणं शक्यच नाही. घरात मांजरही नव्हतं. मी फडकं नीट केलं आणि त्या दिवशी मातीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे केले. पापण्या उघड्या ठेवल्या, बुबुळांच्या जागी दोन खळगे केले. पोरीनं तोंडाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एकदम ओरडली, "वळली! अहो, वळली! हीच हाय!"

मी रडले. हसलेही. पोर त्या तोंडापुढं मांडी घालून बसली आणि त्याला शाळेतलं सांगायला लागली. त्या दिवशी दोन भाकरी जेवली. सकाळी उठली की आधी फडक्यावर पाणी शिंपडायची. मास्तर एकदा पडवीत थबकले, तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छत्री घेऊन निघून गेले. मला वाटलं, आठवण आली असेल बिचाऱ्यांना.

त्याच आठवड्यात मोठीची थोरली बहीण जामखेडहून आली, पोरीची मावशी. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार घाटात बंद पडलेली, बाई धुळीनं माखलेली. रीतीप्रमाणे मी तिच्या बहिणीच्या जागी आलेली, म्हणून येताना माझ्यासाठीही चोळीचा खण आणला होता. पाणी पिते न पिते तोच पोरीनं तिचा हात धरून तिला पडवीत ओढलं. "मावशे, आई बघ!" म्हणून फडकं काढलं.

मावशीबाई वाकून बघत राहिल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुन्हा मातीकडे. पुन्हा माझ्याकडे. "ग्वाड हाय," एवढंच म्हणाल्या. पोर हरखून आजीला बोलवायला आत पळाली, तेव्हा माझा दंड धरून म्हणाल्या, "बाई, हे तू काय केलंस? हे तुझं तोंड हाय."

मला कळेचना. म्हटलं, "असं कसं?" पण बोलता बोलता माझा डावा हात आपोआप माझ्या गालावर गेला आणि उजवा मातीवर, आणि दोन्ही हातांखाली एकच हाड लागलं. एकच खळगा, एकच हनुवटी. माझ्या सवतीचे केस कपाळात खोचून मी माझ्याकडे बघत होते.

"माज्या बहिनीला बारीक असताना देवी आल्या हुत्या," मावशीबाई म्हणाल्या. "सगळं तोंड वणांनी भरल्यालं. वरचा ओठ जरा पुढं. तुला कुनी सांगितलं न्हाई?"

"कुण्णी नाही. सगळ्यांना विचारलं. सगळ्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं!"

त्यांनी माझ्या गळ्यातल्या टाकाकडे बोट केलं. "कसं सांगतील? ती तुझ्या गळ्यात बसल्याली. तिच्या देखत तिला कोन म्हनंल, तुझं तोंड वणाचं हुतं?"

असं होतं तर. गावानं लपवलं नव्हतं काही. गाव तिची लाज राखत होतं. आणि पोरीच्या बोटाला मात्र आठवत होतं. तिनं सांगितलं होतं मला, स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी मार्कांचं सांगून तिचं तोंड बंद केलं. तिच्या मिटल्या डोळ्यांत रोज थोडी थोडी वळत होते ती मीच.

"तुम्ही आहात तोवर नीट करू," मी म्हटलं. "माती ओली आहे अजून."

मावशीबाई आत जाऊन मूठभर ज्वारी घेऊन आल्या. पाटापुढं बसल्या आणि एकेक दाणा गालात दाबून नखानं काढायला लागल्या. एक दाणा, एक वण. देवी आल्या तेव्हा यांनीच उशाशी बसून बहिणीची शुश्रूषा केली होती, लिंबाच्या पाल्यानं वारा घातला होता. त्यांना बघावं लागत नव्हतं. "हितं दोन. हितं एक खोल. नाकावर तीन." मी त्या सांगतील तसा वरचा ओठ पुढं ओढला, माझं गालाचं हाड बसवलं, हनुवटी आखूड केली. मातीतून मी निघून जात होते आणि दुसरीच कुणी बाई वर येत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. "आली गं बाई," त्या म्हणाल्या आणि दारातूनच हात जोडले.

दोन वर्षं गळ्यात बाळगलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वण होते, ओठ पुढं होता, आणि तोंड इतकं मायाळू होतं की माझा सगळा मत्सर कुठल्या कुठं गेला. मीच पोरीला हाक मारली. "ये गं. बघ तुझी आई. आता खरी झाली."

पोर आजीच्या मागून पुढं आली. पाहिलं. आणि तिनं असा काही टाहो फोडला की शेजारच्या बायका धावत आल्या.

"ही कोन? माज्या आईला काय केलं? ही कोन हाय?"

"तुझी आईच हाय, बाळा," मावशीबाई म्हणाल्या. "बग नीट. बोट लाव. आठव की!" त्यांनी तिचा हात धरून त्या गालाकडे न्यायला बघितलं, तशी पोरीनं हात हिसडला, मागे फिरली आणि धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. डोकं माझ्या पोटात खुपसलं. दोन्ही मुठींत माझं लुगडं धरलं, इतकं घट्ट की काठ उसवला.

"आई," ती म्हणाली. मला. "आई, तिला न्यायला सांग."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? तिच्या डोक्यावरून माझा हात फिरत होता आणि मी मावशीबाईंकडे बघू शकत नव्हते. मग त्यांनी फडकं भिजवून पिळलं, बहिणीच्या तोंडावर घातलं, पाट उचलून पाटीत ठेवला आणि पाटी डोक्यावर घेतली. सासूबाई राहा म्हणाल्या, जेवून जा म्हणाल्या. त्या थांबल्या नाहीत. जामखेडला जाणारी मोटार संध्याकाळी होती, तरी त्या भर उन्हात तशाच वाटेला लागल्या.

पोरीनं तोंड वर केलं नाही. माझ्या लुगड्यातूनच विचारलं, "गेली का ती बाई?"

"गेली," मी म्हटलं.